दिवस मावळायच्या आत

हरिपूर रस्त्याला आमच्या स्वयंपाकघरात
पश्चिमेची एकच खिडकी आहे, जाळीची.
सहा वाजून दहा मिनिटांनी
तिच्यातून ऊन थेट ताटांवर येतं.
ज्या उजेडासाठी लोक डोंगर चढतात
तो इथं आमटीच्या पातेल्यावर बसलेला असतो,
आणि नेमकं तेव्हाच आमच्यात जेवून घ्यायचं असतं.
दिवा लागला की सासूबाई घास तोंडात घालत नाहीत.
म्हणून रोजची ती पंधरा मिनिटं
माझ्या एका हातात चपात्यांचा डबा,
दुसऱ्या हातात कॅमेरा.
"जेवतीस का फोटो काढतीस?"
दोन्ही, म्हणते मी.
दोन्ही नीट होत नाही.

कॅमेरा जुनाच आहे. मिरजेत लग्नं काढणाऱ्या एकाकडून
अभयनं दिवाळीच्या बोनसमध्ये घेऊन दिला.
पट्ट्याला अजून अत्तराचा वास येतो,
पावसाळ्यात जास्त.
कितीतरी नवऱ्या मुली खाली मान घालून बसल्या असतील
त्याच्यासमोर.
आता तो बघतो सन्मतीचा मोजा, टाच वर आलेला,
रुजूची जीभ, केळं म्हणताना 'ळ'पाशी अडकलेली,
आणि बाथरूमच्या दारात
दोघांनी मिळून सांडलेली भडंगाची पिशवी,
जिचा फोटो काढून झाल्यावर
मी दोघांनाही ओरडले.

आईकडे, गावभागात, पुराचं पाणी
कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत चढलं होतं.
अल्बम तिसऱ्या फळीवर होता.
गच्चीवर आठ दिवस वाळवला, तरी पानं सुटेनात.
आईनं सुरीनं उकलायला घेतली
तर माझा पाचवा वाढदिवस
भावाच्या स्नेहसंमेलनावर उतरलेला,
माझ्या नाकाखाली त्याच्या काजळाच्या मिशा.
आई आधी हसली.
मग उठली आणि सुरी धुऊन जागेवर ठेवली.
मी लहानपणी कशी जेवायचे, कुठल्या कुशीवर झोपायचे,
हे आता तिलाच विचारायचं,
आणि ती दर वेळी वेगळं सांगते.

परवा सन्मती पहिल्यांदा नको म्हणाला.
सात वर्षांचा झाला, पुढचा दात पडलाय.
म्हटलं, हस की जरा. हसला नाही.
हात पुढं केला,
आणि माझं बोट तोवर दाबून गेलं होतं.
अख्ख्या चौकटीत नुसता तळवा.
मनगटावर बॉलपेननं काढलेलं घड्याळ, साडेचार वाजलेले,
करंगळीला शिऱ्याचा रवा,
आणि मधे त्या रेषा, कुठून कुठं जाणाऱ्या.
इतका स्वच्छ फोटो
मला महिनाभरात जमला नव्हता.
रात्री त्याला दाखवला. विचारलं, ठेवू का पुसू?
बराच वेळ विचार केला त्यानं.
"घड्याळ तेवढं ठेव."

आज ऊन आलं तेव्हा कॅमेरा
तांदळाच्या डब्यावर होता, डोळा झाकलेला.
मी सगळ्यांच्या आधी पाटावर.
सासूबाईंनी, हिला ताप आहे का, अशा नजरेनं बघितलं
आणि न विचारता भातावर तूप सोडलं.
ऊन अभयच्या मनगटावरून
त्याच्या नखांत अडकलेल्या मार्केट यार्डातल्या हळदीवरून
सरकत सरकत सन्मतीच्या ताटाशी आलं.
त्यानं घास उचलता उचलता चोरून पाहिलं,
मी काढतेय का ते.
थोड्या वेळानं परत पाहिलं.

रुजूच्या नाकाच्या शेंड्यावर वरणाचा थेंब होता,
उन्हात भरलेला, पडू का नको करणारा.
सांगायचं म्हणून सांगते.
फोटो नाही.